घर, स्टेशन, ऑफिस: गाडी, सायकल आणि ट्रेन जोडताना ठेवलेल्या नोंदी

६ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. घर ते ऑफिस २२ किलोमीटर आणि आत्तापर्यंत सगळं गाडीने. रस्ता मोकळा असेल तर ४५ मिनिटं, नसेल तर सव्वा तास, कधी दीड तासही, आणि आज यातलं नेमकं काय होणार हे घरातून निघताना कधीच सांगता येत नाही. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त वैताग आहे. लवकर निघालं तर तासभर आधी पोचायचं, नेहमीच्या वेळेला निघालं तर मीटिंग सुरू झालेली.

ट्रेनचा तुकडा २४ मिनिटांचा, तो बहुतेक वेळा २४ मिनिटांचाच असतो. प्रश्न आहे दोन टोकांचा. घरापासून स्टेशन साडेतीन किलोमीटर आणि पलीकडे उतरल्यावर ऑफिस पावणेतीन किलोमीटर. चालायला दोन्ही लांब, आणि रोज रिक्षा-टॅक्सी करावी इतकेही लांब नाही. तर ही दोन टोकं कशी जोडायची ते करून बघायचं आहे आणि जे होईल ते इथे लिहायचं आहे, कारण मी शोधलं तेव्हा मला 'सायकल चालवा, पर्यावरण वाचवा' असलेच लेख मिळाले, कुलूप कुठलं घ्यायचं आणि पार्किंग किती वाजता भरतं हे कोणीच लिहिलेलं नाही.

मोजायचं कसं ते ठरवलंय. घराचं कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत एक वेळ, आणि मधला प्रत्येक तुकडा वेगळा: चालवणं, लावणं, चालत जाणं, थांबणं, बसून प्रवास. मोबाइलवर लॅप टायमर लावला की झालं.

९ जानेवारी

पहिला प्रयोग सोपा, गाडी स्टेशनला लावायची आणि पुढे ट्रेन. गाडी चालवायला ९ मिनिटं. स्टेशनचं पार्किंग पावणेआठच्या आत भरतं, त्यानंतर गेलं की चकरा मारत बसायचं, कोणीतरी निघेल या आशेवर. जागा मिळाली की ती नेमकी टोकाला, तिथून प्लॅटफॉर्मपर्यंत सहा मिनिटं चालत. मग ट्रेनची वाट. पलीकडे उतरल्यावर बस, आणि बसचं वेळापत्रक ट्रेनशी जुळवलेलं नाही त्यामुळे कधी समोरच उभी असते, कधी वीस मिनिटं थांबायचं.

आकडे बघितल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. गाडीचं इंजिन बंद केल्यापासून ट्रेन हलेपर्यंत जो वेळ जातो तो गाडी चालवण्याच्या वेळेपेक्षा जास्त आहे. पलीकडच्या बाजूला बसमध्ये बसलेला वेळ ८ मिनिटं आणि बसस्टॉपवर उभं राहण्याचा वेळ त्याहून जास्त. म्हणजे वाहनं बरी आहेत, वेळ जातोय तो एकातून उतरून दुसऱ्यात बसण्यात. वाहतुकीचं नियोजन करणारे लोक हिशेब करताना थांबण्याचा आणि चालण्याचा एक मिनिट बसून प्रवासाच्या साधारण दोन मिनिटांच्या बरोबरीने धरतात, आणि स्टॉपवर उभं राहून हे अगदी पटतं. म्हणून आता सगळं काम या जोडावरच करायचं. वेगाने चालवून काही मिळणार नाही.

२७ जानेवारी

सकाळी गाडी सुरू होईना. नुसतं टकटक. मेकॅनिक आला, बॅटरी तपासली, विचारलं, "ताई, हल्ली गाडी किती चालते रोज?" मी म्हटलं साडेतीन किलोमीटर जाऊन आणि तेवढंच येऊन. तो म्हणाला, "मग बॅटरीला चार्ज व्हायला वेळच मिळत नाही, स्टार्टरला जेवढं लागतं तेवढंही परत भरत नाही."

हे आधी लक्षात यायला हवं असं काही नाही, पण ज्यांना स्टेशनपर्यंतच गाडी न्यायची आहे त्यांनी हे धरून चालावं. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि धुरातली विषारी द्रव्यं कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गरम झाल्यावरच नीट काम करायला लागतो. त्यामुळे गाडीची पहिली काही मिनिटं सगळ्यात घाण असतात, आणि माझी सगळी फेरी त्या पहिल्या मिनिटांचीच. बॅटरीसाठी उपाय म्हणजे अधूनमधून घरी रात्रभर चार्जर लावणं किंवा सुट्टीच्या दिवशी एक लांब चक्कर. मी चार्जर घेतला, तो पुढेही उपयोगी पडेल, पण साडेतीन किलोमीटरसाठी गाडी हा विषय माझ्यापुरता संपला. स्टेशन आठ-दहा किलोमीटरवर असेल, किंवा वाटेत मुलांना शाळेत सोडायचं असेल, तर हिशेब वेगळा होईल आणि तिथे गाडी लावून ट्रेन हा चांगला पर्याय आहे, फक्त पार्किंग किती वाजता भरतं ते आधी जाऊन बघा.

३ फेब्रुवारी

बाल्कनीतली जुनी गिअरची सायकल बाहेर काढली. दोन्ही ट्यूब बदलल्या, ब्रेकचे रबर बदलले, चेन धुऊन तेल घातलं, गिअरच्या केबल गंजल्या होत्या त्या नव्या टाकल्या. सर्व्हिसिंगला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस गेले कारण मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला निघाला आणि चाक डुगडुगत होतं.

स्टेशनपर्यंत १३ मिनिटं, तीही आरामात. गाडीला ९ लागायची, म्हणजे सायकल चार मिनिटं हळू. पण सायकल स्टँड गेटच्या बाजूलाच आहे, लावून प्लॅटफॉर्मवर पोचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. शोधाशोध नाही, टोकापासून चालणं नाही. घर ते प्लॅटफॉर्म एकूण वेळ कमीच झाला, आणि महत्त्वाचं म्हणजे तो रोज तेवढाच येतोय. सिग्नलला जास्तीत जास्त एक-दोन मिनिटांचा फरक.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं पण साडेतीन किलोमीटर म्हणजे दमशील." दमायला होत नाही. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, सायकलवर आरामात पंधरा. म्हणजे तेवढ्याच वेळात तिप्पट अंतर, आणि स्टेशनभोवती वर्तुळ काढलं तर तिप्पट त्रिज्येत नऊपट क्षेत्रफळ येतं. स्टेशन जवळ नाही म्हणून ट्रेन सोडून दिलेल्या किती लोकांची घरं या मोठ्या वर्तुळात येत असतील याचा विचार केला की मला खरंच वाटतं, प्रत्येक स्टेशनला आधी चांगला सायकल स्टँड हवा, गाड्यांचं पार्किंग नंतर. एका गाडीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज बसतात. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालं, आत सायकल चालवतच जाता येतं आणि तिथून सरळ फलाटाकडे. तेवढं मोठं सगळीकडे लागणार नाही, पण छप्पर, दिवा आणि पक्का लोखंडी आकडा एवढं तरी हवंच हवं.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी आले तर सायकल होती, सीट नव्हती आणि पुढचा दिवा नव्हता. सीटला क्विक रिलीजचा खटका होता, हाताने फिरवला की निघते, हत्यार लागत नाही. घरी साडेतीन किलोमीटर उभ्याने पायडल मारत आले. केबलचं कुलूप कापलेलं नव्हतं, पण ते कापायला साधी पक्कड पुरते हे दुकानदाराने समोर जुन्या केबलवर करून दाखवलं तेव्हा ते तिथेच टाकून दिलं.

तर कुलपाबद्दल सविस्तर, कारण सायकल स्टेशनला दिवसभर उभी राहते आणि चोराला माहीत असतं की मालक दहा तास येणार नाही.

एक चांगलं डी-लॉक, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराचं जाड लोखंडी कुलूप घेतलं, सायकलच्या आजच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाचं. महाग वाटलं, पण हीच रक्कम सगळ्यात चांगली खर्च झाली. लावायची पद्धत अशी की मागचं चाक फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येतं तिथे रिमभोवती कुलूप घालायचं आणि तेच स्टँडच्या लोखंडालाही अडकवायचं. शेल्डन ब्राउन नावाच्या अमेरिकन मेकॅनिकने ही पद्धत प्रसिद्ध केली. चाक त्रिकोणातून बाहेर ओढता येत नाही, त्यामुळे एकाच छोट्या कुलपात मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. कुलूप जितकं लहान तितकं बरं, आत पहार घालून ताणायला जागा उरत नाही. पुढच्या चाकाला वेगळी जाड साखळी. दोन्ही चाकांचे आणि सीटचे क्विक रिलीज काढून ॲलन कीचे, म्हणजे षटकोनी किल्लीनेच फिरणारे बोल्ट टाकले. दिवे आता क्लिपवाले, काढून खिशात.

स्टँडवरच्या काकांनी एक सांगितलं ते फार उपयोगी पडलं. मी कोपऱ्यात, आडोशाला लावत होते, मला वाटायचं तिथे धक्का लागणार नाही. ते म्हणाले, "ताई, आडोशाला नका लावू, चोराला पण आडोसाच लागतो. इथे जिन्यासमोर लावा, येणारा-जाणारा बघतो." आणि दुमजली रॅक असेल तर वरचा मजला जड सायकलला नको, उचलताना खांदा जातो, इलेक्ट्रिक सायकल तर २० ते २५ किलोची असते, ती खालीच.

कुलूप जड आहे, दीड किलोच्या आसपास. परवानगी असेल तर ते स्टँडलाच अडकवून ठेवायचं, रोज वाहायचं नाही. मी विचारून घेतलं, चालतं म्हणाले.

२४ फेब्रुवारी

आता पलीकडचं टोक, आणि इथेच अवघड आहे. घराकडच्या बाजूला माझी सायकल माझ्या दारात असते, पण ट्रेनमधून उतरल्यावर हातात काहीच नसतं. हे सगळीकडे असंच आहे, नेदरलँड्समध्येसुद्धा घरून स्टेशनला सायकलने येणारे लोक खूप आणि उतरल्यावर पुढे सायकल घेणारे त्यामानाने बरेच कमी. त्यांनी त्यावर ओव्ही-फिट्स नावाची भाड्याची सायकल काढली, स्टेशनवरून घ्यायची आणि त्याच स्टेशनला परत करायची. दिवसभर सायकल तुमच्याकडेच. साधी गोष्ट आहे पण नेमकी.

माझ्या स्टेशनला आहे ती डॉकवाली शेअरिंगची सायकल. डॉक म्हणजे सायकल अडकवायचा कंपनीचा ठरलेला स्टँड, कुठल्याही डॉकवरून घ्या, कुठल्याही डॉकला ठेवा. ऐकायला हे जास्त सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात साडेआठनंतर स्टेशनचा डॉक रिकामा, कारण माझ्या ट्रेनमधून उतरलेल्या सगळ्यांना एकाच दिशेला जायचंय. ॲपमध्ये एक सायकल दिसते, जवळ गेलं की तिची हवा गेलेली असते, म्हणूनच ती उरलेली असते. ऑफिसजवळचा डॉक सकाळी भरलेला, ठेवायला जागा नाही, मग पुढच्या डॉकपर्यंत जाऊन उलट चालत यायचं. संध्याकाळी बरोबर याच्या उलट, स्टेशनचा डॉक भरलेला, इकडे ट्रेन सुटतेय आणि हातात सायकल. कंपनीची ट्रक फिरते सायकली इकडच्या तिकडे करायला, पण गर्दीच्या वेळी ट्रकही ट्रॅफिकमध्येच असते. पॅरिसच्या वेलिब या सायकल शेअरिंग सेवेने चढावरच्या डॉकला सायकल परत करणाऱ्याला जादा मोफत मिनिटं द्यायची युक्ती केली होती, कारण सगळे उतार उतरायला सायकल घ्यायचे आणि वर परत कोणी नेत नव्हतं. दिशा एकच असली की हे होणारच.

शेअरिंगची सायकल दुपारच्या कामांना छान आहे. रोज ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ट्रेनशी जोडायला तिच्यावर विसंबता येत नाही. मी पास रद्द केला.

१० मार्च

ऑफिसमधल्या एकीची फोल्डिंग सायकल काही दिवसांसाठी मागून आणली. सोळा इंची चाकं, बारा किलोच्या आसपास. घरापासून स्टेशन, दुमडून ट्रेनमध्ये, उतरून उलगडून ऑफिस. दोन्ही टोकं एकाच सायकलने सुटतात, कुलूपही लागत नाही, कारण ती ऑफिसात टेबलाखाली राहते. वेळेत तर हा सगळ्यात चांगला निकाल, एकूण ६१-६२ मिनिटं.

दुमडायला आधी दोन मिनिटं लागायची, सवय झाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत. बारा किलो हा आकडा कागदावर छोटा वाटतो, पण पुलाचे जिने चढताना एका हातात ती, दुसऱ्या हातात बॅग, आणि मधे पायडल पोटरीला घासतंय. पट्टा लावून खांद्यावर घेऊन बघितलं, जमलं नाही, ती पाठीवर आपटते. शेवटी सीटखाली धरून, चेनची बाजू बाहेर ठेवून उचलायचं हे बरं पडलं. कपड्यांना काळं लागू नये म्हणून पातळ कापडी कव्हर घ्या, काही ठिकाणी दुमडलेली सायकल कव्हरमध्ये असेल तरच आत घेऊ देतात.

सकाळी ठीक, माझं स्टेशन लाइनच्या सुरुवातीला आहे, चढताना जागा असते. संध्याकाळी उलट. डबा आधीच गच्च आणि माझ्याकडे गुडघ्याएवढा लोखंडी ठोकळा. लोक काही बोलत नाहीत पण आपल्यालाच कसंतरी होतं, एका म्हाताऱ्या बाईंच्या पायाला लागलं तेव्हा मी उतरून पुढच्या गाडीची वाट बघितली. फोल्डिंग सायकल ट्रेनने न्यायची तर ट्रेनमध्ये जागा हवी, हे सोपं गणित आहे. जो पहिल्या स्टेशनला चढतो किंवा गर्दीच्या उलट्या दिशेने जातो त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. मला ते निम्म्या प्रवासापुरतंच लागू होतं.

नियम मात्र आधी नीट वाचा, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. कोपनहेगनच्या उपनगरी एस-ट्रेनमध्ये २०१० पासून साधी सायकलसुद्धा फुकट नेता येते, पण नॉरेपोर्ट या सगळ्यात गर्दीच्या स्टेशनला गर्दीच्या वेळी सायकल घेऊन चढउतार करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या लोकल ट्रेनसेवेने २०१३ मध्ये गर्दीच्या वेळेची बंदी उठवली, तरी पहिल्या डब्यात सायकल चालत नाही. लंडनमध्ये दुमडलेली सायकल चालते, पण बॅटरीला आग लागण्याच्या घटनांनंतर ३१ मार्च २०२५ पासून न दुमडणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना मेट्रो आणि बसमध्ये बंदी आहे. इलेक्ट्रिक घ्यायचा विचार असेल तर हे विकत घेण्याआधी बघा. बसला पुढे रॅक असतो काही शहरांत, तो बहुतेक दोन किंवा तीन सायकलींचा, म्हणजे चौथ्याला पुढची बस.

१९ मार्च

मागितलेल्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं, टायरही फाटला. दुकानात 'सोळा इंची' म्हणून टायर मागितला, आणला, बसेना. सोळा इंची दोन प्रकारचे असतात, लहान मुलांच्या सायकलचा ३०५ मिलिमीटर आणि बऱ्याच फोल्डिंग सायकलींचा ३४९. टायरच्या बाजूला छोट्या अक्षरात ३७-३४९ असं काहीतरी छापलेलं असतं, दुसरा आकडा रिमचा, तोच दुकानात सांगायचा. वीस इंचीतही ४०६ आणि ४५१ असे दोन आहेत. बरोबर टायर मागवून यायला आठवडा गेला, तो आठवडा बसने काढला. फोल्डिंग घेणार असाल तर पहिल्याच दिवशी एक टायर आणि दोन ट्यूब जास्तीच्या घेऊन ठेवा, हे चाक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

२८ मार्च

ठरलं. दोन सायकली. घराकडची आहे तीच, आणि ऑफिसकडच्या स्टेशनला दुसरी. ट्रेनमध्ये हात मोकळे.

दुसरी सायकल सेकंडहँड, बिनगिअरची, मडगार्ड आणि चेनगार्डसकट, रंग उडालेला. मुद्दाम अशीच घेतली, कारण या सायकलचं आयुष्य उलटं आहे. घराकडची दिवसा स्टेशनला आणि रात्री घरी असते, ही दिवसा ऑफिसात आणि रात्री स्टेशनला. चोरीचा धोका रात्री जास्त. म्हणून नियम केला, सायकलची किंमत दोन कुलपांच्या किमतीपेक्षा फार वर जाता कामा नये. पहिल्या दिवसापासून बोल्ट ॲलनचे, सीट साखळीने फ्रेमला बांधलेली, दिवे क्लिपचे.

ऑफिसकडचा रस्ता सपाट आहे म्हणून बिनगिअर चालली. चढ असता तर तीन गिअरचा हब घेतला असता, म्हणजे गिअर मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यातच, तो आतून बंद असतो, पावसात उभा राहिला तरी फारसं बिघडत नाही.

पहिल्या आठवड्याचे आकडे: घरून स्टेशन १३, लावून प्लॅटफॉर्म ३, थांबणं ४, ट्रेन २४, प्लॅटफॉर्म ते सायकल ४, कुलूप काढून ऑफिस १२, लावून खुर्ची ४. चौसष्ट.

७ एप्रिल

प्लॅटफॉर्म ते सायकल या तुकड्याची चारची तीन मिनिटं कशी झाली ते लिहिते. ट्रेनचा कुठला डबा उतरायच्या स्टेशनला जिन्यासमोर थांबतो ते बघून घेतलं आणि सकाळी त्याच डब्यात चढते. गर्दी जिन्यावर यायच्या आत खाली. किल्ल्या दोन्ही कुलपांच्या एकाच जुडग्यात होत्या, रोज अंधारात चाचपणं व्हायचं, आता घराकडच्या किल्लीला लाल नेलपॉलिश आणि ऑफिसकडच्याला काही नाही. ही कामं फुकटात होतात आणि रोज मिनिट-दोन मिनिटं देतात.

२२ एप्रिल

रजेवर होते, परत आले तर ऑफिसकडच्या सायकलला पिवळी चिकटपट्टी: 'बेवारस, अमुक तारखेनंतर उचलली जाईल'. अगदी दोन दिवस हातात होते. स्टँडवाल्यांचं बरोबर आहे, टाकून दिलेल्या सायकलींनी निम्मा स्टँड अडतो आणि मग खऱ्या वापरणाऱ्याला जागा मिळत नाही. आता लांब सुट्टीच्या आधी शेवटच्या दिवशी सायकल ऑफिसच्या तळघरात ठेवायची आणि संध्याकाळी बसने स्टेशनला यायचं. तुमच्या स्टेशनला किती दिवसांची मुदत आहे ते विचारून ठेवा, बोर्डावर लिहिलेलं असेलच असं नाही.

१४ मे

पाऊस. घरून निघताना कोरडं, उतरल्यावर धो धो, आणि रेनकोट घरी. दोन सायकलींची व्यवस्था असली की दोन रेनकोट लागतात, एक बॅगेत आणि एक ऑफिसात. मी केप घेतली, हँडलवर पसरते, आत हवा खेळते, रेनकोटमध्ये घामाने तितकंच भिजायला होतं. वारा असेल तर केप शिडासारखी फुगते, तेव्हा रेनकोटच.

मडगार्ड होते पण पुढच्याला खाली रबरी पट्टी नव्हती, चिखल सरळ बुटांवर. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बोल्टने लावला, काम झालं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवायची, फोम एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही. चेनला पावसाळी घट्ट तेल, साधं पातळ तेल धुऊन जातं आणि आठवड्यात चेन करकरायला लागते. रिमचे ब्रेक ओले झाले की पहिले काही क्षण पकडतच नाहीत, सिग्नल दिसला की आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्यायची. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना वळायचं नाही, सरळ जायचं. एकदा चाक सरकलं, पडले नाही, पण त्यानंतर टायरची हवा थोडी कमी ठेवते.

ऑफिसात एक जोडी बूट, मोजे आणि टॉवेल कायमचा.

२ जून

गाडी पूर्ण सुटलेली नाही आणि सोडायचीही नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी ऑफिसमधून सासूबाईंकडे जायचं असतं, तिथे ट्रेन नाही. त्या दिवशी गाडी शहराबाहेरच्या स्टेशनला लावून बघितली, घरापासून नऊ किलोमीटर, ट्रॅफिकच्या अलीकडे, पार्किंग रिकामं. गाडी गरम होते, ट्रेन तीच, परतताना तिथूनच पुढे. हे जमलं.

दुसरा प्रयत्न होता गाडीमागे सायकल कॅरियर लावून न्यायची, स्टेशनच्या दोन किलोमीटर अलीकडे लावून पुढे पायडल मारायचं. पट्ट्यांचा कॅरियर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकतो, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, वेगळा दिव्यांचा बोर्ड लावावा लागतो. शिवाय पट्टे आवळणं आणि सोडणं यातच आठ-दहा मिनिटं. पुन्हा जोडावरच वेळ चालला, म्हणून बंद केलं. डिकीत मावणारी फोल्डिंग असेल तर हे चालेल.

२३ जून

खर्चाचा हिशेब. आधी पेट्रोल आणि ऑफिसकडचं पार्किंग हे मोठे दोन आकडे होते. आता ट्रेनचा पास, जो त्या दोन्हींच्या मिळून एक तृतीयांशाच्या आसपास येतो. दुसरी सायकल, तीन कुलपं, साखळी, दिवे, केप, सर्व्हिसिंग, चार्जर, सगळं धरून जो खर्च झाला तो साधारण चार महिन्यांच्या बचतीत भरून निघेल. सीट आणि दिवा गेला तो धरून. शेअरिंगचा पास वाया गेला तोही धरून.

वेळ: बहुतेक दिवशी ६२ ते ७० मिनिटं. ट्रेन गडबडली तर जास्त. मोकळ्या रस्त्यावर गाडी अजूनही वीस मिनिटं लवकर पोचवते हे खरं आहे, पण मला आता साडेनऊची मीटिंग घेताना हो म्हणता येतं. नवऱ्याने गाडीचा ऑफिसकडचा मासिक पार्किंग पास या महिन्यात परत केला.

६ जुलै

दोन्ही सायकलींच्या सीटखाली आता एकसारखी पिशवी: ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा संच, हातमोजा. ट्यूब वेगवेगळ्या मापाच्या आहेत, वॉल्व्हही वेगळे, त्यामुळे पिशवीवर मार्करने नाव. ऑफिसकडच्या सायकलकडे दुर्लक्ष होतं, घरी येत नाही म्हणून, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी तळघरात हवा, तेल आणि ब्रेक.

पुढचं काम दिव्यांचं. क्लिपचे दिवे चार्ज करायचे राहतात आणि हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधार पडेल. घराकडच्या सायकलला पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे वीज तयार करणारा मधला तुंबा बसवतेय, ६ व्होल्ट ३ वॉटचा, चाक फिरलं की दिवा लागतो, बॅटरीची भानगड नाही. दिवा फ्रेमला बोल्टने पक्का राहील. हब जुन्या चाकात बसत नाही, चाक नव्याने विणावं लागतं, तेवढे दिवस दुकानदार बदली चाक देतोय. मिळालं की वजन किती वाढतं आणि पायडल मारायला किती जड जातं ते मोजून लिहिते.